रिकामी डिकी

दर नोव्हेंबरात ग्लेन आईच्या गाडीची डिकी भरून द्यायचा. फावडं, घसरत्या चाकांखाली टाकायला वाळूची पिशवी, दोन लोकरीची ब्लँकेटं, उबेसाठी कॉफीच्या डब्यात लावायच्या जाड मेणबत्त्या. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या ओसाड रस्त्यावर बर्फाच्या वादळात गाडी अडकली, तर मदत येईपर्यंत तग धरता यायला हवा.

जानेवारीत तो न कळवता आला. डिकी उघडली, तर आत फक्त फावडं आणि वाळू.

"आई, मी काय वेडा म्हणून भरतो हे सगळं?" स्वयंपाकघराच्या दारातूनच तो ओरडला. "उणे तीस आहे बाहेर! उद्या रस्त्यात अडकलीस म्हणजे?"

"आधी बूट काढ. फरशी पुसायला तू थांबणारेस का?"

बूट काढताना त्याला स्वतःच्या तोंडची वाफ दिसली. आई दोन्ही ब्लँकेटं पांघरून टेबलाशी बसली होती. समोरच्या डब्यात मेणबत्ती जळत होती.

"हीटर बंद पडलाय?"

"चालू आहे की. पण गॅसचं बिल झेपत नाही. नळ गोठणार नाहीत एवढ्यावर ठेवते."

"आणि तू?"



"रस्त्यात अडकलं तर येणारा-जाणारा थांबतो रे," ती म्हणाली. "घरापाशी कोण थांबतंय?"