बाटलीवरची बाई

छावणीतल्या गोऱ्या साहेबाच्या औषधाच्या दुकानापुढं एक बाई रडत बसली होती. मांडीवर पिवळंधमक पोर, हातात ‘सगुणाबाईंचा काविळीचा काढा’.

“बाटली संपली, अन् पोर आणखीच पिवळं पडलं,” ती म्हणाली.

बाटलीवरचा फोटो तिच्यासमोर उभ्या असलेल्या, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या सगुणेचाच होता. औषधाचे पैसे घेतले की गुण जातो, म्हणून साहेबानं फोटो मागितला तेव्हा चेहराही तिनं फुकटच दिला होता. आत नुसतं गुळाचं पाणी असतं, हे तिला मागाहून कळलं. फोटो काढून टाका म्हणाली, तर साहेब हसला, “तो चेहरा आता दुकानाचा आहे.”

सगुणेनं पदर नाकापर्यंत ओढला. ओटीतली भुईआवळी दगडावर ठेचून पोराच्या तोंडात रस पिळला, उरलेली जुडी बाईला दिली. “रोज अनशापोटी दे.”

बाई पदराची गाठ सोडू लागली. सगुणेनं तिचा हात धरला.

“निदान नाव तरी सांगा, माय.”

सगुणा जायला उठली.

बाईनं तिच्या पायाला हात लावला. “देव तुमचं भलं करो. अन् बाटलीवरच्या त्या सगुणीचं तळपट होवो!”

“होवो,” पदराआडून सगुणा म्हणाली.