चावडीपुरता पिकअप

“पिकअप वाढवून दे ज्ञानू. आन् आजच दे,” चांगदेव म्हणाला.

ज्ञानू मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. दौंडच्या उन्हात सकाळपासून तो एका ट्रकखाली आडवा होता, आणि आता हा नवशिक्या. जुनी राजदूत मोटारसायकल घेऊन धड महिना झाला नव्हता आणि म्हणे पिकअप!

“आरं लेका, तुला अजून क्लच सोडता येत न्हाई. गाडी बेडकावानी उड्या मारती तुझी. पिकअप घेऊन काय सर्कशीत जायचंय व्हय?”

चांगदेव हसला नाही. रेल्वेच्या इंजिन शेडमधली पाळी करून तो आला होता. तिथं ज्याला त्याला विचारून झालं होतं. कुणी सांगितलं, मागं जास्त दात्यांचं चाक टाक. कुणी सांगितलं, कार्बोरेटरचा जेट बदल. सायलेन्सर कापून टाक म्हणणाराही एक निघाला. फुकटचा सल्ला द्यायला कुणाचं काय जातंय!

“कशाला पण एवढी घाई?” ज्ञानूनं विचारलं.

चांगदेवनं मागं पाहिलं. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर त्याची आई, जाईबाई, पाय लांब करून बसली होती. दुष्काळात खडी फोडता फोडता तिचा गुडघा गेला तो गेलाच. सकाळी ती एसटीनं दौंडला आली होती आणि पाळी सुटल्यावर चांगदेवनं तिला रेल्वेच्या दवाखान्यात पट्टी बांधून घेतली होती. चालायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. चांगदेवनं आवाज खाली घेतला.

“चावडीपुढनं जायचंय. आईला घेऊन. कुणी थांबवायच्या आत.”

ज्ञानूनं पाना उचलला. त्याला खेडी ठाऊक होती.

चांगदेव राहायचा त्या बौद्धवाडीचा रस्ता गावच्या चावडीवरून जायचा, दुसरा नव्हताच. गाडी आणली त्याच दिवशी पोपटराव चावडीपुढच्या पारावरून उठून आडवा आला. गावातली निम्मी बागायत त्याची, सोसायटीही त्याचीच. बोलणं मात्र कसं अगदी गोड. “चांगदेव, नवीन हायेस तू. पोरंबाळं असत्यात हितं. चावडीपुढनं उतरून ढकलत नेत जा.” त्याचा पुतण्या मिसरूड फुटायच्या आत त्याच चावडीपुढनं ट्रॅक्टर उडवत नेत होता, पण तो नवीन नव्हता ना! चांगदेव उतरला. पुढं रोज उतरत गेला. आठ तास राबून आलेला माणूस, ते लोखंडाचं धूड चढावर ढकलायचा आणि पारावरचे तंबाखू मळत बघत बसायचे. चावडी ओलांडली की परत किक मारायची. आईला यातलं काही माहीत नाही, अशी त्याची आपली समजूत. घराच्या दारात बसलेल्या बाईला इंजिन कुठं बंद पडतं आणि कुठं सुरू होतं ते ऐकू येत नाही होय? पण ती कधी बोलली नव्हती.

ज्ञानूनं कार्बोरेटर साफ केला, चेन ताणली. “चाकबिक बदलायला उद्या लागंल. पण गाडीत काय खोट न्हाई चांगदेव. ती चावडी दिसली की तुझाच हात सुटतो. रेस धरून ठेव आन् क्लच सावकाश सोड. जा आता.”

पाटस रस्त्यानं गाडी छान चालली. ऊस उभा होता, वारा येत होता, जाईबाईनं एक हात लेकाच्या खांद्यावर ठेवला होता. गावाचा फाटा आला तशी चांगदेवनं मूठ घट्ट धरली. आज थांबायचं नाही. आईला त्या लोकांपुढं लंगडत चालवायचं नाही. चढ लागला, त्यानं रेस पिळली. पार दिसला. पोपटराव बसला होता. त्यानं नुसता हात वर केला.

आणि चांगदेवचा पाय ब्रेकवर गेला. सवय मेली! गाडीनं एक गचका खाल्ला आणि बरोबर चावडीपुढं बंद पडली. पारावर कुणीतरी हसलं.

“काय रं, इसारलास?” पोपटराव म्हणाला. “उतर की.”

चांगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं उतरायला एक पाय फूटरेस्टवरून उचलला. तेवढ्यात खांद्यावरचा हात जड झाला.

“बस खाली,” जाईबाई म्हणाली. मग तिनं पाराकडं तोंड केलं. पदर सारखा केला नाही, आवाज चढवला नाही. “पोपटराव, मला आता चालवत न्हाई. लई चालले मी हितनं. पोरगा किक मारंल, गाडी सुरू हुईल, मग आमी जाऊ. तवर तुमी बसा.”

पोपटरावानं इकडंतिकडं पाहिलं. एरवी हसणारे सगळे तंबाखूत गुंतले होते. तो उभा राहिला खरा, पण पुढं आला नाही.

चांगदेवनं गाडी न्यूट्रल केली. किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. घाम डोळ्यांत उतरला. आई मागं हलली नाही. पुन्हा किक बसली आणि इंजिन धडधडलं. त्यानं गिअर टाकला, मूठ करकचून पिळली. आता एका दमात वाडी गाठायची.

आईनं त्याचा खांदा दाबला.

“सावकाश घे, बाळा. हितनं जलमभर मी पळतच गेले.”