दोघांनी उचलायचं काम

शेवटचा स्क्रू निघाला, तसं वडिलांनी मुलीला पियानोच्या डाव्या टोकाला उभं केलं आणि स्वतः उजवीकडे गेले. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा आतला सांगाडा आता अख्खा बाहेर काढायचा होता. हातोड्यांवरची लोकर कसरीनं खाल्ली होती आणि तळाशी उंदरांनी संसार थाटला होता. सांगाडा जरा तिरका झाला की हातोड्यांच्या दांड्या एकमेकींत अडकतात आणि काडीसारख्या मोडतात, हे वडिलांनी सकाळपासून बजावून ठेवलं होतं.

"आणि मध्येच सोडायचं नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईची सवय आहे ती."

मुलीनं आपलं टोक धरलं. आईचा विषय तिनं काढला की वडील पायात चपला सरकवून बाहेर पडायचे, ते दिवे लागल्यावर उगवायचे. आज विषय त्यांनीच काढला होता.

दोघांनी श्वास रोखून सांगाडा उचलला. दिसायला पिंजऱ्यासारखा, पण हाताला चांगलाच जड. टेबल खोलीच्या पलीकडच्या भिंतीला होतं. मुलगी पाठीच्या दिशेनं एकेक पाऊल टाकू लागली.

खोलीच्या मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी आईकडे राहायला जातेय."

वडील थांबले. त्यांची नजर दाराकडे गेली, मग स्वतःच्या हातांकडे. दोन्ही अडकलेले होते.

"मुहूर्त बरा शोधलास."

"एरवी तुम्ही ऐकून कुठे घेता?"

"तिनं बोलावलं?"

"नाही. मीच विचारलं तिला."

वडिलांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. आता हे हात काढून घेणार, असं मुलीला वाटून गेलं. एकटीनं हे पेलणार नाही हे ठाऊक असूनही तिनं बोटं आवळली.

"मागे गालिच्याची कड आहे," वडील म्हणाले. "पाय उचलून टाक."

तिनं पाय उचलून टाकला.

"कधी जाणार?"

"रविवारी."

"तुझी बाजू खाली जातेय. वर घे."

तिनं वर घेतली. "कायमची नाही जात, बाबा. येत जाईन मी."

"तीही हेच म्हणाली होती."

मुलगी आणखी एक पाऊल मागे सरकली. तिच्या कमरेला टेबलाची कड लागली. ती कडेकडेनं टेबलाच्या एका टोकाला सरकली, वडील दुसऱ्या टोकाला आले.

"आधी तुझं टोक टेकव. सावकाश."

तिनं टेकवलं. मग वडिलांनी आपलं टेकवलं. एकही दांडी मोडली नाही. मुलीनं हात काढून घेतले, बोटं झटकली आणि दाराकडची वाट मोकळी ठेवून ती बाजूला उभी राहिली.

वडील जागचे हलले नाहीत. सांगाडा टेबलावर नीट टेकला होता, तरी त्यांचे दोन्ही हात त्यावर तसेच होते, आणि त्यांच्या बाजूच्या सगळ्या हातोड्या एकमेकींवर आपटून बारीक वाजत होत्या.