रेषेच्या वर

“‘माझ्या जगण्याला अर्थ आहे.’ शून्य ते दहा, किती लिहू?” समुपदेशक बाईंनी पेन सरसावून विचारलं.

“नऊ लिहा,” काका म्हणाले.

बाई खुलल्या. हेच काका पहिल्यांदा आले तेव्हा याच खुर्चीत मान खाली घालून बसले होते. बायको आधीच गेलेली, आणि मग लग्न झालेली एकुलती एक मुलगीही गेली. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दुरुस्ती झाली की आधी स्वतः आत बसून खाली-वर करायचं, मगच लोकांना सोडायचं, एवढं एकदा बोलले होते. मुलीचं विचारलं की मात्र “राहू द्या” म्हणायचे. बाईंनीही राहू दिलं.

बाईंचा सगळा भर गुणांवर. दर भेटीला तेच प्रश्न, तोच तक्ता. गुण लाल रेषेच्या वर गेले की उपचार संपले, फाइल बंद. पुढे फोनबिन करून जुनी जखम उकरायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. सुट्टी दिलेलं एकही माणूस परत दारात आलं नव्हतं आणि याचा त्यांना कोण अभिमान!

काकांचे गुण भेटीगणिक चढत गेले होते. आज त्यांनी रेषा ओलांडली. खरं तर शर्ट तोच मळका होता, गाल आणखी बसले होते, हात थरथरत होते. पण थरथरीला तक्त्यात रकाना नव्हता.

“काहीतरी हाती घेतलंय वाटतं?” बाईंनी हसून विचारलं.

“हो. एक काम होतं. आज होईल पुरं.”

“वा! मग आता तुम्हाला माझी गरज नाही, काका.”

“झोप लागते का, जेवतो का, काहीच विचारायचं नाही?”

“अहो, हे गुण बघा ना! अजून काय विचारायचं?”

बाईंनी फाइल बंद केली आणि निरोपाला उठल्या. काका बसूनच राहिले.

“माझे सगळे गुण खोटे आहेत,” ते शांतपणे म्हणाले. “माझ्या मुलीचेही खोटेच होते. तुम्ही तिला असंच हसून सोडलंत, त्याच संध्याकाळी तिनं जीव दिला.”