गिरण निघाली पाण्यात

इंजिन सुरू झालं आणि वाडीतल्या बायका डबे घेऊन धक्क्याकडे धावत सुटल्या.

कुणाच्या डब्यात तांदूळ, कुणाच्या डब्यात नाचणी. सगळ्यांत पुढे आनंदीबाई, डबा कमरेवर घेऊन धापा टाकत. खाली खाडीच्या पाण्यात महिपतची जुनी होडी थरथरत उभी होती. तिच्या धुराच्या नळीतून आवाज येत होता, कुक कुक कुक कुक.

"मेल्या महिपता," आनंदीबाई म्हणाल्या, "गिरण घेऊन चाललास कुठं?"

महिपतने मान खाली घातली. प्रश्न तसा चुकीचा नव्हता. नव्याण्णव साली गावात तीन फेजची वीज आली, चिंतामणी अण्णांनी आपल्या पिठाच्या गिरणीला मोटर बसवली आणि जुनं डिझेल इंजिन अंगणात गंजत पडलं. महिपतने ते मागितलं. अण्णा म्हणाले, "घेऊन जा. मला मासे नकोत, काही नको. फक्त ते माझ्या कानांपासून लांब ने."

इंजिन मागे बसवल्यावर होडीचं नाक आभाळाकडे गेलं. तोल साधायला गिरणीचा झिजलेला दगड आणून पुढे ठेवावा लागला. पंखा मोडीत निघालेल्या एका लाँचचा. रंग शाळेच्या दारांना लावून उरलेला, पोपटी. शिवा मेस्त्रीने जे मिळेल ते जोडलं आणि जे जुळलं नाही ते दोरीने बांधलं.

आणि नळीच्या तोंडावर ती पत्र्याची टोपी. धूर तिच्यातून बाहेर पडला की शिट्टी वाजते. गिरणी चालू आहे हे अगदी शेवटच्या घराला कळावं, एवढंच तिचं काम. मोटर आल्यापासून शिट्टी गेली होती. दळण घेऊन गेलेल्या बायका कुलूप बघून परत येत होत्या. आज सकाळी कानावर शिट्टी पडली आणि पाय आपोआप निघाले.

"दगडपण नेतोय गो," कमळा मागून म्हणाली. "दादा, बारीक दळ हां. भाकरीचं हाय."

सगळा धक्का हसून वाकला. सगळ्यांत जास्त हसत होती ती महिपतची बायको गंगा. अंगठ्याला चिंधी बांधलेल्या हाताने तिने तोंडावर पदर धरला होता, आणि पदर हलत होता.

महिपतला ते लागलं. ही होडी काय आहे ते तिला ठाऊक होतं. वल्ही मारत तो परत येईपर्यंत मासे घेणारा व्यापारी टेम्पो भरून निघून गेलेला असे. मग गंगा डोक्यावर टोपली घेऊन वाडीकडे जाणारी पायऱ्यांची घाटी चढे आणि घरोघर फिरे. आता तिचे गुडघे त्या चढणीला नाही म्हणू लागले होते. मुंबईहून मुलाचा निरोप आला होता, होडी मोडा आणि इकडे या. महिपतने एकच मोसम मागून घेतला होता. इंजिन बसलं की लवकर येईन, तो म्हणाला होता.

"लवकर याल हो," गंगा तेव्हा म्हणाली होती. "पण नाय जमलं तर घाटी कोण चढणार? तुमचं इंजिन?"

"शिवा, ती टोपी काढ आधी," महिपत म्हणाला.

शिवा नळीकडे बघत राहिला. "मी ही..." तो म्हणाला आणि थांबला. टोपी हातोडीने ठोकून घट्ट बसवलेली होती. त्याने एकदा गंगाकडे पाहिलं. "आता नाय निघायची दादा. ओहोटी लागली, जा तू."

होडी निघाली. गंगा बायकांना काहीतरी सांगत होती. कुक कुकमध्ये महिपतला एकही शब्द ऐकू आला नाही.

खाडीच्या मुखाशी जाळं चांगलं भरलं. शेवटे मासे होते, कोळंबी होती, मांदेली तर पायाखाली चमचमत होती. पण ते इंजिन दळायला बनलेलं होतं, धावायला नाही. वाटेत दोनदा बंदही पडलं. परतताना महिपतने लांबूनच धक्का न्याहाळला. टेम्पो निघून गेला होता.

मग त्याला बायका दिसल्या. घाटीवरून खाली उतरणारी रांगच्या रांग, प्रत्येकीच्या कमरेवर डबा.

परत फसल्या, त्याच्या मनात आलं. गिरणीच्या दगडाआड लपावंसं वाटलं. पण सुकाणू कोण धरणार?

होडी धक्क्याला लागली. डबे रिकामे होते.

"चल, काढ लवकर," आनंदीबाई म्हणाल्या. "गंगा म्हणाली, दुपारी आवाज आला की दळण ओतून ठेवा आणि डबा घेऊन या."

गंगा पालथ्या टोपलीवर तराजू घेऊन ऐटीत बसली होती. "रांगेत या गो. कमळे, तुझा डबा झाडून तरी आणायचास."

कमळाच्या डब्याच्या तळाशी तांदळाचं पीठ होतं. मांदेली आत पडली आणि आपोआप पिठात घोळली. "आता फक्त तळायची," कमळा म्हणाली, आणि पुन्हा सगळा धक्का हसून वाकला. घाटीच्या वरच्या पायरीवर चिंतामणी अण्णा कानांत बोटं घालून उभे होते.

महिपतने दोर बांधेपर्यंत होडी रिकामी झाली. तो हसत सुटला. हसता हसता त्याने नळीवरच्या टोपीवर हात ठेवला, चटका बसला, तरी हसतच राहिला.

"शिवा ही काढायला विसरला," तो म्हणाला, "ते बरंच झालं गो."

"विसरला कुठं? काढून ठेवली होती त्याने." गंगाने चिंधी बांधलेला अंगठा वर केला. "मी परत ठोकून बसवली. म्हटलं, आता घाटी हीच चढेल."