मिटलेलं पुस्तक

राजश्रीनं स्वतःच्या हिमतीवर छापलेल्या क्राइम थ्रिलरचं लेस्टरच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये प्रकाशन होतं. मैत्रीण सुहासिनी येईल, असं तिला वाटलंच नव्हतं.

कादंबरीत जिचा गळा आवळला जातो, ती बाई हुबेहूब सुहासिनी होती. तेच बोलणं, तोच एकटेपणा. ड्राफ्ट वाचून सुहासिनी एवढंच म्हणाली होती, "राजू, तिला मारू नकोस ना गं."

"अगं, फिक्शन आहे ते!" राजश्री हसली होती. त्यानंतर दोघींचं बोलणंच तुटलं.

आणि आज सुहासिनी शेवटच्या रांगेत येऊन बसली होती.

खुनाचं पान वाचता वाचता राजश्रीला स्वतःचीच लाज वाटू लागली. तिनं मध्येच पुस्तक मिटलं. "सुहास, चुकलं माझं," ती माइकमध्ये म्हणाली.

पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. स्पीकरमधून तिचाच आवाज संथपणे पुढचं वाक्य वाचत होता. लोक तल्लीन होऊन ऐकत होते. राजश्रीनं ओठ घट्ट मिटले, माइकची वायर उपटली. आवाज वाचतच राहिला.

शेवटच्या रांगेत सुहासिनीचा हात हळूहळू स्वतःच्या गळ्याकडे गेला.