कँटीनची खिडकी

“बंडलीला एवढ्या बायका मिळतात तरी कुठून?” नोएलनं कँटीनच्या खिडकीवर मूठ आपटली. आत त्याची मुलगी ब्रॉन सॉसेज रोल उलटत होती. तिच्यामागे शेरिल आणि बाकीच्या बायका कप विसळत होत्या. “नदीपलीकडचं एवढंसं गाव ते. एक पब, एक पेट्रोलपंप, बाकी नुसत्या मेंढ्या. आणि म्हणे त्यांचा संघ भरला! मेंढ्यांना जर्सी घातल्या की काय?”

“घातल्या असतील,” शेरिल म्हणाली. बायका खुसुखुसु हसल्या.

नोएलला हसू आलं नाही. यारंबूल फुटबॉल क्लबचा तो अध्यक्ष होता आणि क्लबची रया गेली होती. तरणी पोरं कामधंद्याला मेलबर्नला गेली, दुसरा संघ मोडला, पहिल्या संघात चाळिशीचे गडी धापा टाकत होते. आता लीगनं बायकांची स्पर्धा काढली होती आणि या भागातून एकाच क्लबला जागा होती. नावं बुधवारी पक्की होणार. ती जागा बंडलीनं पटकावली, तर क्लबला कुलूप लावायचं काम नोएलच्याच नशिबी येणार होतं. त्याच्या आजोबांनी या मैदानावरची झुडपं स्वतः उपटली होती.

प्रयत्नांत त्यानं कसूर केली नव्हती. शाळेतल्या बाईंना गळ घातली, इस्पितळातल्या नर्सांना गाठलं, नेटबॉलच्या पोरींना गरम पाण्याच्या न्हाणीघराचं आमिष दाखवलं. हाती लागल्या मोजक्या पोरी. त्यातल्या दोघींना ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा तो लांबुळका चेंडू हातात धरायचा कसा, इथपासून शिकवावं लागत होतं.

“कुणी मुली आहेत का गं तुझ्या माहितीत?” त्यानं नेहमीसारखं विचारलं.

“आहेत,” ब्रॉन म्हणाली.

“छान. आधी पंचांना रोल पाठव, बोंबलतायत ते.” मग तिच्या दंडावरचा काळानिळा डाग त्याला दिसला. “ओव्हनचं दार लागलं वाटतं पुन्हा. दुरुस्त करून घेतो.” त्यानं आत डोकावून पाहिलं. “आणि फरशीवर हा चिखल! मागच्या दारानं पोरं घुसतात, दुसरं काय. संत्रीही त्यांनीच लांबवली असणार.”

ब्रॉन काहीतरी सांगणार होती. तोवर तो वळून चालूही लागला होता.

रविवारी बंडलीच्या मैदानावर सरावाचा सामना होता. दोन्ही क्लबांनी आपापला संघ लीगच्या बाईंना दाखवायचा होता. आपल्या मोजक्या पोरींना घेऊन नोएल पोचला आणि आधी बंडलीच्या कँटीनपाशीच थबकला. आत एकही बाई नव्हती. बंडलीचा अध्यक्ष गस, म्हणजे नोएलचा जन्माचा वैरी, फुलाफुलांचा एप्रन बांधून धुरात उभा होता.

“रोल हवाय?” गसनं डोळे पुसत विचारलं. “करपलेलाच मिळेल.”

“तुमच्या बायका कुठायत?”

“येतील की आता मैदानावर.”

नोएलचं डोकं चालेना. असं कुठं असतं का? आणि एवढे रोल करपवूनही हा मेला खूश कसा?

इतक्यात मैदानाच्या तोंडाशी रिवाजाप्रमाणे धरलेला मोठा कागदी पडदा टराटरा फाडत बंडलीचा संघ आत घुसला. सगळ्यांत पुढे ब्रॉन होती. पाठीवर सात. नोएलचा आकडा, त्याच्या बापाचा आकडा, आणि तोही बंडलीच्या लाल जर्सीवर! मागून शेरिल आली, तिच्यामागून कप विसळणाऱ्या सगळ्याजणी. या खेळाडूंसाठी चहा घेऊन आल्यात, असं नोएलला क्षणभर खरंच वाटलं.

मग ब्रॉननं एका उंच पोरीच्या खांद्यावरून झेप घेऊन चेंडू वरच्या वर झेलला आणि दाणकन दंडावर आपटली. तशीच उठली, पळाली, आणि लाथेसरशी गोल केला. नोएलला ते ओव्हनचं दार आठवलं. काखेत कळसा म्हणतात तो हा, आणि तो बंडलीच्या जर्सीत पळत होता. त्याला लेकीचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही वाटली. आधी कुठलं वाटून घ्यावं, ते कळेना.

मध्यंतरात त्यानं तिला कुंपणापाशी गाठलं.

“बंडली? ब्रॉन, आपल्या घरात त्यांचं नावसुद्धा घेत नाहीत! मला सांगायचंस तरी!”

ब्रॉन संत्र्याची फोड चोखत होती. “दर शनिवारी सांगत होते. तू विचारायचास, कुणी मुली आहेत का. मी म्हणायचे, आहेत. तू म्हणायचास, छान, रोल पाठव.”

“आणि गसनं असे काय दिवे लावले?”

“त्यांचा संघ आपल्याकडे आला होता ना, तेव्हा तोही खिडकीशी आला. म्हणाला, तुम्ही खेळता का? शेरिल म्हणाली, खेळू रे, पण कँटीन कोण बघणार? त्यानं तिच्याकडे एप्रनच मागितला.”

नोएलनं वळून पाहिलं. कँटीनमधून धूर येत होता आणि कुणीतरी गसला शिव्या घालत होतं.

“नावं बुधवारपर्यंत बदलता येतात ना?” त्यानं हळूच विचारलं.

“येतात.”

कुंपणावर तिचं जाकीट टांगलं होतं. त्याच्या खिशातून तिनं यारंबूलच्या कँटीनची किल्ली काढली, बापाच्या तळहातावर ठेवली आणि मैदानाकडे पळाली.

नोएल किल्लीकडे बघत राहिला. मग कुंपणावरून वाकून एवढ्या मोठ्यानं ओरडला, की साऱ्या मैदानानं माना वळवल्या.

“ब्रॉन! अगं, तो ओव्हन पेटवायचा कसा?”